बिनडिझेलचं लग्न

मेन

नांदेडच्या श्रीरंग मंगल कार्यालयात, ऑफिसच्या मागच्या खोलीत, भिंतीवर एक मोठा बोर्ड आहे. बोर्डावर खटके आणि प्रत्येक खटक्याखाली सौदामिनीच्या अक्षरातली चिठ्ठी. फवारा. लिफ्ट. माइक. स्वयंपाक. त्या दुपारी हे खटके एकेक करून खाली आले. गोष्ट त्याच क्रमानं.

पण आधी नियम. शहरानं ठरवलं होतं की मोठ्या इमारतींनी आता डिझेल आणि गॅस सोडायचा. लॉज, दवाखाने, मॉल, वसतिगृहं, मंगल कार्यालयं, सगळ्यांनी. मुदत लांबची होती, पण जे आधी सोडतील त्यांची परीक्षा आधी. परीक्षा अशी: भर कार्याच्या दिवशी मनपाचं माणूस येणार, जनरेटरच्या टाकीला सील लावणार, कार्य उरकलं की सील बघणार. शाबूत असलं तर प्रमाणपत्र. तुटलं असलं तर नमस्कार, पुढच्या वर्षी भेटू.

सौदामिनीनं आधी सोडायचं ठरवलं. छतावर सोलर आलं, तळघरात बॅटऱ्या आल्या, स्वयंपाकघरात गॅसच्या भट्ट्या जाऊन विजेच्या कढया आल्या. सासरे अमृतराव यावर भांडले नाहीत. ते कधीच भांडत नाहीत. अट घालतात.

"सील राहिलं तर कार्यालय तुझं. मी तोंड उघडणार नाही. तुटलं तर लातूरच्या माधवरावांना ठेक्यानं देऊन टाकू. ते कधीचे मागं लागलेत."

माधवरावांची लातुरात तीन कार्यालयं, तिन्ही डिझेलवर. सौदामिनी लग्न होऊन आली तेव्हा 'श्रीरंग' म्हणजे पत्र्याचं एक गोदाम होतं, त्यात अधूनमधून लग्नं लागायची. आजचं कार्यालय तिनं उभं केलेलं. कुठल्या खोलीचं दार पावसाळ्यात फुगतं इथपासून कुठल्या गुरुजींना कडक चहा लागतो इथपर्यंत सगळं तिच्या डोक्यात. ते उचलून माधवरावांना द्यायचं आणि आपण घरी बसून पापड लाटायचे, ही कल्पना ती पूर्ण करूच शकत नव्हती. पापडापाशी थांबायची.

परीक्षेला मिळालं ते लग्न अर्धापूरच्या किशनरावांच्या मुलीचं. किशनराव केळीवाले. नवरी वैष्णवी, नवरदेव जळकोटचा आदिनाथ. मे महिना. मुहूर्त दुपारी साडेबाराचा, म्हणजे पत्रिकेत.

मनपाच्या शिल्पा मॅडम सकाळीच आल्या, सील लावलं आणि खुर्ची मागवून जनरेटरच्या शेडमध्ये बसल्या.

"इथं गरम होईल मॅडम, आत बसा," सौदामिनी म्हणाली.

"आत बसले तर मंडळी जेवायला घालतात," मॅडम म्हणाल्या, "आणि जेवल्यावर सील बघायला संकोच वाटतो."

फवारा

बंद. हा पहिला. कारण लाइन गेली.

लाइन गेली ती अशी. नवरदेवाचे मामा व्यंकटी यांनी थेट उदगीरहून डीजे आणला होता. ट्रकवर खोकी, खोक्यांवर खोकी आणि सगळ्यांच्या वर पिसारा फुलवलेला पत्र्याचा मोर. मोर मामांनी हौसेनं वेगळा करून घेतला होता. वरात नाचत नाचत कार्यालयाच्या गल्लीच्या तोंडाशी आली आणि मोराची मान तारेला लागली. फाट्‌ असा आवाज झाला. माणसं सगळी सुखरूप. मोर तेवढा काळा पडला. गल्लीतली वीज गेली.

डीजे मात्र वाजतच राहिला, कारण त्याचं डिझेल त्याच्या ट्रकवर होतं.

वायरमन आला, वर बघितलं, खाली बघितलं, मोराकडं बघितलं.

"संध्याकाळ होते बघा," म्हणाला.

आता छत आणि बॅटरी, एवढ्यावर लग्न. छताला ऊन भरपूर होतं, पण त्याला एक खोड होती. दुपार कलली की शेजारच्या लॉजची सावली छतावर चढायची आणि मग सोलर नुसतं शोभेला. सौदामिनीनं हे सगळं धरून हिशोब बांधला होता: अक्षता दुपारी, पंगती उन्हात, सावली येईपर्यंत हात धुऊन मोकळे. तो हिशोब लाइन असेल असं धरूनही होता, आणि नवरदेव वेळेवर येईल असं धरूनही. दुसऱ्या गोष्टीचं तिचं तिलाच हसू यायला हवं होतं. नांदेडात जन्मलेली बाई ही, आणि पत्रिकेतला मुहूर्त खरा धरून बसली.

"वैनी, टेन्शन कशाला?" व्यंकटीमामा घाम पुसत आले. फेटा एका कानावर आलेला. "आमच्या गाडीवर जनरेटर हाय की! वायर टाका, जोडा, विषय कट!"

शेडमधून शिल्पा मॅडमचा आवाज आला. "मामा, डिझेल पाहुण्यांचं असलं तरी ते डिझेलच."

"लई कडक हाय बाई," मामा हळूच म्हणाले आणि पुन्हा नाचायला गेले.

लिफ्ट

बंद. त्या वेळी लिफ्टमध्ये वऱ्हाडातल्या दोन आत्या होत्या. त्यांना आधी बाहेर काढलं, मग बंद.

एसी, नवरीची खोली. एसी, नवरदेवाची खोली.

हे दोन खटके शेजारी शेजारी आहेत, आणि ते सौदामिनीनं दोन्ही हातांनी एकाच क्षणी खाली ओढले.

का, ते मराठवाड्यात सांगावं लागत नाही. नवरदेवाकडचा आधी बंद झाला असता तर जळकोटकर म्हणाले असते, आम्हाला उकडवलं. नवरीकडचा आधी बंद झाला असता तर अर्धापूरकर म्हणाले असते, आमचं लग्न, आमचे पैसे, आणि आम्हालाच घाम.

पाचच मिनिटांत दोन्हीकडून माणसं आली.

"तिकडचा चालूय का?"

"नाही. दोन्ही बंद."

"मग राहू द्या."

आणि दोन्हीकडची माणसं समाधानानं घामेजायला परत गेली.

स्वयंपाक

हा खटका बंद करता येत नाही. बोर्डावरचा सगळ्यांत मोठा हाच, आणि त्याच्या पलीकडं केवळाबाई आहेत.

केवळाबाईंच्या हातच्या पुऱ्या पहिल्या पंगतीला टम्म आणि गरम, ही 'श्रीरंग'ची ओळख. माणसं अक्षता टाकल्या टाकल्या पंगतीकडं का पळतात, तर त्यासाठी. नव्या कढया आल्या तेव्हा बाईंनी त्यांना हळद-कुंकू वाहिलं, बटण दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "जाळ दिसत न्हाई, पण हाय म्हणायचं. देवावानी."

सौदामिनीच्या हातात मोबाइल होता. त्यावर बॅटरीचा आकडा. आकडा बरा होता. नवरदेव अजून दारातच नाचत होता, पण पंखे, दिवे, माइक एवढंच चाललं होतं; छत तेवढं सहज पुरवत होतं. हे असं राहिलं तर निभतंय, तिला वाटलं.

मग आकडा खाली घसरला. थांबला. पुन्हा घसरला.

ती स्वयंपाकघरात गेली. चारी कढयांतलं तेल कडकडीत, आणि पुरी एकही नाही.

"केवळाबाई, कढया कशाला चालू? नवरदेव अजून आत आलेला नाही!"

"माइकवर सांगितलं की. अवघ्या पाच मिनिटांत अक्षता."

"ते तर सकाळपासून सांगून राहिलेत!"

"हाव. आन् मी सकाळपासून तेल तापवून राहिले. बंद करते, सांगितलं की परत तापवते."

"पण ते खोटं असतं, तुम्हाला माहीताय ना?"

"माहीत न्हाई तर काय. इतक्या वर्षांत एकदा बी खरं निघालं न्हाई." केवळाबाईंनी झारा तेलात फिरवला. "पण वैनी, एखाद्या टायमाला खरं निघालं तर? पहिल्या पंगतीला गार पुऱ्या घालू? गॅस होता तवा आच बारीक करून बसत होते. ह्याला बारीक केलं की थंडच पडतंय मेलं."

सौदामिनी तिथंच उभी राहिली, कारण त्याच वेळी माइकवरून तो आवाज आला.

माइक

माइक म्हणजे वैजनाथ सर. हायस्कुलात मराठी शिकवतात आणि लग्नसराईत सूत्रसंचालन करतात. त्यांची तारीख मिळाली नाही म्हणून लोकांनी मुहूर्त बदललेत. आवाज असा की मागच्या रांगेतलं झोपलेलं पोर दचकून उठावं आणि पुढच्या रांगेतल्या माजी सभापतींना आपण अजून आजी आहोत असं वाटावं.

"वऱ्हाडी मंडळींना नम्र विनंती! अवघ्या पाच मिनिटांत शुभविवाह संपन्न होत आहे! तत्पूर्वी, व्यासपीठावर उपस्थित मान्यवरांचा यथोचित सत्कार..."

सौदामिनीनं मोबाइलकडं बघितलं. आकडा पडला. ती स्वयंपाकघरातून ऑफिसच्या दारात आली, तिथून हॉलकडं बघायला लागली, आणि तिला पहिल्यांदाच आपलं कार्यालय दिसलं.

'पाच मिनिटांत' म्हटल्याबरोबर स्टेजवाल्यानं सगळे मोठे दिवे लावले. फोटोवाल्यानं आपले दोन झगझगीत दिवे लावले. नवरीच्या खोलीत केसांचं गरम यंत्र फिरायला लागलं. चहावाल्यानं विजेचा बंब लावला. आणि स्वयंपाकघरात चार कढया. सरांचा सत्काराचा कार्यक्रम तीन फेटे पुढं गेला, अक्षता काही आल्या नाहीत, मग एकेक दिवा, एकेक कढई हळूहळू बंद झाली. आणि पुन्हा:

"अवघ्या पाच मिनिटांत..."

पुन्हा सगळं कार्यालय भप्पकन पेटलं.

तिनं लातूरला राघवेंद्रला फोन लावला. राघवेंद्र तिचा नवरा. लातूरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, शनिवारी येतो, रविवारी जातो.

"मी माइक बंद करते," ती म्हणाली.

"माइक? माइकला किती वीज लागते माहितीय का? पंख्याहून कमी! बंद करायचं तर कढया कर, एकेक कढई म्हणजे..."

"सर बोलले की कढया चालू होतात."

"त्या दोन गोष्टींचा काही संबंध नाही."

"तुम्ही तिकडं फिजिक्स शिकवा," सौदामिनी म्हणाली आणि फोन ठेवला.

तरी तिचा हात खटक्यावर थांबला. नवरदेव एव्हाना नाचून दमून आत आला होता, पण अक्षतांना आता वेगळीच अडचण होती. किशनरावांना साहेबांची वाट बघायची होती. साहेब म्हणजे त्या भागातलं मोठं नाव. ते आल्याशिवाय अंतरपाट धरायचा नाही, असं किशनरावांनी स्वतःच ठरवून टाकलेलं. साहेब लातूरकडून निघाले होते. किशनराव फोन लावायचे आणि जाहीर करायचे, "साहेब लोह्याला आलेत." तासाभरानं पुन्हा फोन. "साहेब लोह्यालाच हायत. चहा घेऊन राहिलेत." आणि साहेब येईपर्यंत सरांना वेळ भरून काढायची होती. सरांकडं वेळ भरायला फेटे होते, शाली होत्या आणि ते एक वाक्य होतं.

छतावर लॉजची सावली सोलरच्या पहिल्या पाटीला शिवली होती.

"...आणि आता सत्कार होत आहे, जिल्हा परिषदेचे माजी..."

खट्‌.

पंखे

चालू. गोंधळ उडाला तो म्हणून.

"लाइट गेली काय?"

"पंखे तर फिरायलेत."

"मग सर कुठं गेले?"

सर व्यासपीठावरच होते. तोंड हलत होतं. हातात फेटा, समोर जिल्हा परिषदेचे माजी, आणि आवाज नाही. माजींनी फेट्यासाठी वाकवलेली मान तशीच. सरांनी माइकवर टिचकी मारली. फुंकलं. मग डोळे बारीक करून हॉलच्या टोकाला ऑफिसच्या दाराकडं बघितलं आणि खाली उतरून थेट तिकडंच आले.

"वहिनी. माइक गेला की घालवला?"

"घालवला, सर."

"मी काही चुकीचं बोललो?"

"नाही हो. तुम्ही बोलता आणि सगळे ऐकतात, हीच पंचाईत आहे." तिनं मोबाइल त्यांच्यापुढं धरला आणि कढया, दिवे, बंब, केसांचं यंत्र सगळं सांगितलं. सील सांगितलं. माधवराव सांगितले. पापड सांगायची तिची इच्छा नव्हती, पण तेही तोंडातून गेलं.

सर आकड्याकडं बघत राहिले.

"म्हणजे माझ्या एका वाक्यावर हे सगळं चालतं?"

"हो."

"चारी कढया?"

"चारी. आणि चहाचा बंब."

सरांची छाती जराशी फुगली. रागवायला आले होते, ते विसरले. "चाळीस पोरं वर्गात असतात, वही काढा म्हटलं तर एक काढत नाही," ते म्हणाले. मग त्यांनी हातातला फेटा टेबलावर ठेवला आणि बाह्या सारल्या. "बरं. बॅटरीच्या पोटात किती वीज आहे?"

"एक लग्न आणि पंगती. आत्ता लागलं तर."

सर हॉलच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि विनामाइक, शाळेच्या मैदानावरचा आवाज काढला.

"सा-व-धान!"

मागच्या रांगेतली निम्मी तरुण पोरं नकळत ताठ झाली. त्यांतली बरीच सरांचीच होती.

"माइक बंद पडलाय! ऐकू यायचं असेल त्यांनी पुढं यावं! खुर्च्या सोडा! बाया इकडं, बाप्ये तिकडं, मधे वाट! ए मोबाइलवाल्या, बस खाली!"

आणि अख्खं वऱ्हाड, जे एरवी भिंतीपर्यंत पसरून गप्पा हाणत बसतं, ते उठून व्यासपीठाभोवती गोळा झालं. किशनराव धावत आले.

"सर, आन् साहेब?"

"किशनराव, विचार करा. साहेब आले, स्टेजवर चढले, बोलायला उभे राहिले आणि माइक नाही. कसं दिसेल?"

किशनरावांना ते डोळ्यांपुढं दिसलं. त्यांच्या कपाळावर वेगळाच घाम आला. त्यांनी तिथल्या तिथं फोन लावला. "साहेब, नमस्कार. सावकाश या, घाई न्हाई. जेवायलाच या. हो, हो, चहा होऊ द्या."

गुरुजींनी अंतरपाट झटकला. वैष्णवीला तिच्या मामांनी आणलं आणि ते तिच्या पाठीशी उभे राहिले. आदिनाथ हार घेऊन उभा राहिला. त्याच्या पाठीशी कुणीच नव्हतं.

"नवरदेवाचे मामा!" गुरुजी म्हणाले.

एरवी हे माइकवरून पुकारलं असतं आणि मामा जिथं असतील तिथून पळत आले असते. आता शंभर तोंडांनी "मामा, मामा" म्हटलं, पण एका सुरात नाही, त्यामुळं ते हॉलच्या भिंतीपलीकडं गेलं नाही.

डीजी

डीजी म्हणजे डिझेल जनरेटर. मामा त्याच्या शेडमध्ये होते. माइक बंद झाल्याबरोबर ते अमृतरावांना शोधून तिथं घेऊन गेले होते.

सौदामिनी हॉलच्या मागच्या दारानं धावत गेली. शेडमध्ये शिल्पा मॅडम खुर्चीवर, जनरेटरला टेकून अमृतराव, आणि त्यांच्या हातात पक्कड.

"काका, मी उकाडा सोसला," व्यंकटीमामा म्हणत होते. "लिफ्ट सोसली. माझा मोर जळाला, मी एक शब्द बोललो का? पण बिनमाइकची मंगलाष्टकं? उद्या जळकोटात लोक विचारतील, चोरून लग्न लावलं काय रे? एक बार चालू करा. फक्त माइकापुरतं."

"माइकापुरतं जनरेटर चालत नाही हो," अमृतराव म्हणाले. पण पक्कड त्यांनी खाली ठेवली नव्हती. त्यांच्या हॉलमधून आजवर एकही व्याही नाराज गेला नव्हता. त्यांच्यापुढं एका बाजूला अट होती, दुसऱ्या बाजूला नवरदेवाचे मामा, आणि अट तर त्यांनीच घातली होती. "मॅडम, मी सील तोडलं तर तुम्ही काय करणार?"

"काही नाही. लिहिणार, तुटलं."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांना बहुतेक कुणीतरी अडवायला हवं होतं. मॅडम अडवत नव्हत्या.

"मामा!" सौदामिनीला दम लागला होता. "आदिनाथ उभा आहे अंतरपाटामागं. पाठीशी कुणी नाही. तुमच्यावाचून अडलंय."

"आँ? लग्न लागून राहिलंय?"

"हो."

"बिनमाइकचं? बिनसाहेबांचं?"

"बिनमामांचं लागत नाही म्हणून आले."

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. "अरे बापरे! बहीण जिवंत ठेवती का मला!" त्यांनी फेटा दोन्ही हातांनी डोक्यावर दाबला आणि धूम ठोकली. जाताना शेडच्या कोपऱ्यात ठेवलेली बादली लवंडली.

आता शेडमध्ये तिघं. अमृतरावांनी सुनेकडं बघितलं. ती काहीतरी म्हणेल, विनवेल, निदान हात जोडेल, याची वाट बघितली असावी.

सौदामिनीच्या मनात खूप काही होतं. पण स्वयंपाकघरात केवळाबाई माइकची वाट बघत बसलेल्या असणार, आणि आज माइक काही सांगणार नव्हता.

"बाबा, कढया लावायला सांगते. अक्षता पडल्या की पंगत बसेल," ती म्हणाली. "इथलं तुम्ही बघा."

आणि गेली.

अमृतराव पक्कड घेऊन उभे. मॅडम खुर्चीवर. जनरेटर गप्प. त्या शेडमधून हॉलमधलं एरवी सगळं ऐकू यायचं, भिंतीच्या आरपार, कारण माइक तेवढा मोठा असायचा. आज पहिलं मंगलाष्टक सुरू झालं ते कळलंच नाही. गुरुजींचा आवाज तिथवर येत नव्हता. मग एकदम, कडव्याच्या शेवटी, सगळ्या माणसांनी मिळून म्हटलेलं "सावधान" तेवढं आलं. इतक्या लग्नांत अमृतरावांनी ते असं ऐकलं नव्हतं. त्यांच्या हॉलमध्ये 'सावधान' नेहमी माइकच म्हणायचा, माणसं फक्त तांदूळ फेकायची.

दुसरं कडवं. बायकांचा आवाज, कुणीतरी उंच धरलेला, थोडा बेसूर. आणि पुन्हा सगळे: सावधान.

अमृतरावांची एक सवय होती. आपल्या कार्यालयात लागलेल्या प्रत्येक लग्नाला त्यांनी अक्षता टाकल्या होत्या. ओळख असो, नसो. एकदा तापात, शाल पांघरून टाकल्या होत्या. लग्न तुमचं, पण अक्षता आमच्याही, असं ते म्हणायचे.

त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. सकाळी दारात वाटलेले पिवळे तांदूळ खिशात होते. पण ते काढायचे तर हातातली पक्कड कुठंतरी ठेवायला हवी होती. त्यांनी ती जनरेटरवर ठेवली.

"मॅडम, तुम्ही अक्षता घेतल्यात का?"

"मला कुणी दिल्या नाहीत. मी ड्यूटीवर आहे."

"ड्यूटीवर असलं म्हणून काय झालं." त्यांनी मुठीतले अर्धे तांदूळ मॅडमच्या हातावर ठेवले. "चला, लवकर. शेवटचं कडवं असेल."

"अमृतराव, मी इथून उठले तर सीलवर लक्ष कोण ठेवणार?"

"त्याला कोण हात लावतंय आता?" अमृतराव म्हणाले आणि चालायला लागले.

मॅडमनी सीलकडं बघितलं, अमृतरावांकडं बघितलं आणि उठल्या.

दोघं मागच्या दारातून आत शिरले तेव्हा गर्दीमुळं स्टेज दिसतच नव्हतं. अमृतरावांनी टाचा उंच करून, अंदाजानं, जोरात तांदूळ फेकले. ते नवरदेवापर्यंत गेले नाहीत. जिल्हा परिषदेच्या माजींच्या टकलावर पडले.

स्टेज. चहा. मोठे दिवे.

बंद, बंद, बंद. आता लागत नव्हते. सगळी वीज केवळाबाईंकडं.

केवळाबाईंनी या वेळी तेल एकदाच तापवलं होतं, आणि तेही बरोबर वेळेला. सौदामिनी स्वतः येऊन सांगून गेली होती. पहिली पुरी टम्म फुगली तेव्हा वाढपी दारात उभेच होते.

"आज खरं निघालं बाई," केवळाबाई म्हणाल्या. "तोंडानं सांगितलं की खरं असतंय. माइकचं न्हाई धरायचं इथून पुढं."

पंगतीमागून पंगत उठली. लॉजची सावली पूर्ण छतावर आली तेव्हा शेवटच्या पंगतीला ताक चाललं होतं. आकडा अगदी तळाला गेला होता, पण होता. व्यंकटीमामा नवरदेवाशेजारी बसून जिलबीवर जिलबी खात होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "आमच्यात मंगलाष्टकं बिनमाइकचीच. घराण्याची रीत हाय." साहेब आले. पोटभर जेवले, वधूवरांना आशीर्वाद दिले आणि माइक नसल्यामुळं ते फक्त वधूवरांनाच ऐकू गेले.

शिल्पा मॅडमनी शेडमध्ये जाऊन सील बघितलं, फोटो काढला, सही केली. मग पहिल्यांदाच आत येऊन जेवायला बसल्या.

ऑफिसमध्ये अमृतराव फोनवर होते. सौदामिनी दारात थांबली.

"माधवराव, नमस्कार. नाही, ठेक्याचं राहू द्या आता. हो. हो, शाबूत आहे. मी स्वतः बघितलं... नाही हो, वाईट कशाचं वाटायचं? लग्न झकास लागलं. तुम्हीही यायला पाहिजे होतं. बरं, ऐका. जनरेटर विकायचाय. तुम्ही घेता का?"

सौदामिनी पुढं झाली. "बाबा! लातूरलाही हा नियम येणारच आहे. ते काय करतील त्याचं?"

अमृतरावांनी फोनवर हात ठेवला.

"गप गं," ते म्हणाले. "आधी विकू दे."